शालीखालचा हात

नाशिक,
१८ नोव्हेंबर १९९६

ती. मामा,

नमस्कार. मामींचा फराळाचा डबा माझ्याकडेच राहिला आहे. अनरसे आशाने, म्हणजे माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने, माझ्या आधी संपवले. डबा कुणी सटाण्याला येणारं भेटलं की पाठवते.

तुम्ही विचारलंत, नव्या नोकरीत काम तरी काय असतं. मामा, सध्या मी थोरामोठ्यांची स्तुतिस्तोत्रं लिहिते. आमचं गोदा विभागीय व्यवसाय-शिक्षण मंडळ तालुक्यातालुक्यांत मुलामुलींना वायरिंग, शिवणयंत्र दुरुस्ती, पाण्याच्या मोटारींची दुरुस्ती असलं हाताचं काम शिकवतं. फेब्रुवारीत मुंबईहून तपासणी समिती येणार आहे. तिच्या हातात द्यायला मंडळाच्या सभासदांची परिचय-पुस्तिका हवी आहे. कोण कुठल्या पेशातून आलं, काय काम केलं, ते प्रत्येकी एक पान. ते पान मी लिहायचं.

सगळ्यांकडे जाऊन आले. सावित्रीबाई कुठल्याशा शाळेत मुख्याध्यापिका रजेवर असताना चार-दोन महिने त्या खुर्चीत बसल्या होत्या. तेवढ्यावर त्यांना 'शिक्षणतज्ज्ञ' हवं आहे. देवळाली कॅम्पचे दत्तू सुभेदार तोफांच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांनी पानंच्या पानं स्वतःच लिहून दिली आणि त्यात तोफांपेक्षा तेच जास्त धडाडले आहेत. अध्यक्ष गोरक्षनाना दिंडोरीकडचे द्राक्षबागाईतदार. 'निर्यातदार' लिहा म्हणाले. 'परदेश अभ्यासदौरा' हे मोठ्या अक्षरात. बागाईतीच्या आधी घरात काय होतं असं विचारलं, तर चहा मागवला.

पण सगळ्यांत नवल पेठच्या सोमा गावितांचं. मंडळावर पेठची बाजू मांडणारे हे एकटेच. वय झालेलं, पायात कातडी वहाणा, बैठकीत तोंडातून शब्द नाही. विचारलं, "आधी काय करत होता?" तर म्हणाले, "काय बी लिवा बाई. शेती लिवा." मी म्हटलं, शेती तर सगळेच करतात, आणखी काय? ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाकीचे नसलेलं सांगतात, हा माणूस असलेलं लपवतो. मला हे बरं दिसत नाही. कुणीसं म्हणालं की ते पूर्वी सटाण्याच्या बाजारात दिसायचे. तुम्हाला काही ठाऊक आहे का? पेठचं केंद्र बंद करायचं का, असा विषय सध्या निघतो आहे, म्हणून मला माणूस नीट कळायला हवा.

तुमची,
स्नेहल

•

सटाणा,
२७ नोव्हेंबर १९९६

चि. स्नेहल,

अनेक आशीर्वाद. पत्र तुझ्या मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. सुभेदारांच्या तोफेवर ती इतकी हसली की शेजारून शकुबाई विचारायला आली, काय झालं म्हणून. डबा राहू दे, घाई नाही.

तुझं नाक चांगलं आहे. बाप लवकर गेला तुझा, पण व्यापाऱ्याच्या घरात वाढलीस. कांद्याची गोणी वरून बघायची नसते, खालून हात घालायचा असतो, हे मी तुला लहानपणीच शिकवलं. सोमा गावित म्हणजे बैलबाजारातला दलाल. डोंगराकडची माणसं बैल घ्यायला यायची, त्यांच्या बाजूने हा सौदा करायचा. आता बैलबाजारातला दलाल शिक्षणाच्या मंडळावर काय शिकवणार, ते तूच बघ. आणि धंदा चांगला असता तर त्याने तो लपवला का असता? चोराच्या मनात चांदणं.

तू डोळे उघडे ठेव. बैठकीत काय होतं, कोण कुणाशी बोलतं, मला कळवत जा. पेठचं केंद्र बंद झालं तर ते कुठे नेणार असं काही ठरलं आहे का? सहज विचारतो.

इकडे ठीक आहे. आमचा रुद्र अजून नोकरीच्या शोधात. मळ्यात कांद्याच्या चाळीच्या बाजूला नवी शेड घालतो आहे, पत्रे आले.

भिमाजी

•

नाशिक,
२० डिसेंबर १९९६

ती. मामा,

तुमचा दलाल मी रंगेहाथ पकडला असं वाटतं आहे. पण पकडलं म्हणजे नेमकं काय, ते मला कळत नाही. म्हणून सगळं सांगते.

काल बैठक झाली. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला. पहिला विषय दत्तू सुभेदारांचा सत्कार, त्यांना पंचाहत्तरावं लागलं म्हणून. मग एकट्याला काय द्यायचं, म्हणून सगळ्यांनाच शाली. दुसरा विषय पेठचं केंद्र. गोरक्षनानांनी तक्रार मांडली की द्राक्षाची छाटणी सुरू झाली की पेठची माणसं पोराबाळांसकट बागांवर कामाला जातात. तिकडे वर्ग रिकामा आणि मास्तर नुसता पगार खातो. सावित्रीबाई म्हणाल्या, मग बंदच करा.

सुभेदारांनी भाषण सुरू केलं आणि ते काही थांबेनात. तेवढ्यात माझं लक्ष गेलं. गोरक्षनाना आणि सोमाबाबा शेजारी बसले होते. दोघांच्या मध्ये नानांची शाल पसरली होती आणि शालीखाली काहीतरी हलत होतं. नाना वरच्या पंख्याकडे बघत होते, सोमाबाबा दाराकडे. तोंडाने एक अक्षर नाही. सोमाबाबांनी एकदा मान हलवली, नाही म्हणून. मग परत हालचाल. शाल जराशी सरकली आणि मी स्पष्ट पाहिलं, नानांनी सोमाबाबांची बोटं धरली होती. घट्ट. मग दोघांनीही मान डोलावली आणि हात सुटले. सुभेदार खाली बसताच नाना म्हणाले, "पेठचा विषय आज राहू द्या."

दोन म्हातारे, एक बागाईतदार आणि एक दलाल, भर बैठकीत शालीखाली हात धरून बसतात आणि लगेच विषय मागे पडतो! मला रात्रभर चैन नव्हतं. हे बाजारातलं काही असतं का, मामा?

स्नेहल

•

सटाणा,
२९ डिसेंबर १९९६

चि. स्नेहल,

शाबास पोरी. तू जे पाहिलंस तो बैलबाजारातला सौदा. दहा माणसांच्या गर्दीत भाव बोलायचा नसतो, म्हणून उपरण्याखाली किंवा रुमालाखाली हात घालतात आणि बोटांनी बोलतात. एक बोट धरलं तर एक, चार धरली तर चार, सगळा पंजा धरला तर पाच. शेकडा की हजार ते दोघांना माहीत असतं. बाकीच्यांना नुसतं फडकं दिसतं.

आता नीट ऐक. यात धरणारा तो घेणारा, आणि ज्याची बोटं धरली तो विकणारा. नानांनी बोटं धरली, म्हणजे विकायला बसला होता तो सोमा. त्याच्याकडे विकण्यासारखं काय आहे? बैल तर नाही. पेठच्या नावावर मिळालेली खुर्ची आणि तिचं मत, एवढंच आहे. भाव पटला म्हणून तेवढ्यापुरता विषय मागे घेतला. पुढे बघ, आपल्याच माणसांचं केंद्र तो स्वतःच सोडून देतो की नाही. कुंपणच शेत खातं आहे.

हे असंच सोडता येणार नाही. माझ्या ओळखीचे एक साहेब आहेत. तू जे पाहिलंस ते वेगळ्या कागदावर लिही, बोटं कुणी धरली आणि त्याचा अर्थ काय तेही लिही, खाली नाव आणि सही कर. मी त्यांना विचारून बघतो.

भिमाजी

•

नाशिक,
८ जानेवारी १९९७

ती. मामा,

सोबत कागद पाठवते आहे. सही करायच्या आधी कागद दोनदा बाजूला ठेवला, खरं सांगते. पण तुम्ही सांगताय म्हणजे विचार करूनच सांगत असाल. मंडळाच्या आतलं बाहेर लिहिणं नियमात बसत नाही, तेव्हा साहेबांना दाखवून कागद तुमच्याकडेच ठेवा.

परवा सोमाबाबा कचेरीत आले होते. मी मुद्दाम विचारलं, "तुमच्या पानावर बैलबाजारातला दलाल असं लिहू का?" मामा, त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "त्ये नका लिवू बाई. हितं लोकं दलाल म्हनलं का थुकत्यात." मग पिशवीतून नागलीचे पापड काढून माझ्या टेबलावर ठेवले, म्हणे घरच्यांनी दिलेत. आणि वर, "येक डाव पेठला या, पोरं दाखवतो." मी पापड परत केले. उगाच कोण पापड देतं? आशा म्हणते, पापडाला पापड म्हणायला शीक. तिचं काय जातं, तिला फक्त खायला कारण हवं.

तरी एक खटकतं. विकणाऱ्या माणसाने खुशीत असायला हवं. हा माणूस थकलेला दिसतो. वहाणांना लाल माती, जणू कुठे कुठे पायी हिंडून आला आहे.

स्नेहल

•

सटाणा,
२ फेब्रुवारी १९९७

चि. स्नेहल,

कागद पोचला आणि योग्य ठिकाणी गेला. आता तू काही बोलू नकोस, आपोआप होईल. तब्येतीला जप. शेडचं काम पुरं होत आलं, खाली फरशी घातली.

भिमाजी

•

नाशिक,
१४ फेब्रुवारी १९९७

मामा,

योग्य ठिकाण म्हणजे आमचंच मंडळ होतं का? मला सांगायचं तरी होतं!

काल बैठकीत सावित्रीबाईंनी पाकीट फोडलं आणि माझा कागद मोठ्याने वाचला. शेवटी माझं नाव. मी कोपऱ्यात हातात पेन धरून बसलेली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

सावित्रीबाईंनी आधी गोरक्षनानांना विचारलं. नाना म्हणाले, "असं काही झालंच नाही. मी काय बैलबाजारात बसलो होतो का?" सरळ तोंडावर खोटं. ज्या माणसाने आपल्या पानावर परदेश दौरा लिहवून घेतला, तो शालीखालचा हात कसा कबूल करणार! मग सोमाबाबांना विचारलं. ते उभे राहिले. त्यांनी नानांकडे बराच वेळ पाहिलं. नानांनी मान वर केली नाही. सोमाबाबा म्हणाले, "झालं नाय असं मी म्हननार नाय. पन फडक्याखालचं फडक्याखालीच ऱ्हातं. भाव फोडला तं उद्या मला कोन हात देईल?" सुभेदार ओरडले, म्हणजे भाव होता तर! सोमाबाबांनी राजीनामा लिहून मागितला. लिहिला कुणी? मी. त्यांनी खाली सही केली, माझ्याकडे पाहिलं, पण रागाने नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

लगेच पेठ केंद्राचा विषय. विरोध करायला कुणी उरलंच नाही. एप्रिलच्या बैठकीत ठराव होईल आणि केंद्र सटाण्याला जाईल, असं सुभेदार म्हणाले. सटाणा! हे नाव मी काल पहिल्यांदा ऐकलं. तिथे जागा तयार आहे म्हणे. मामा, कुठली जागा? कुणाची?

आणखी एक. नाना खोटं बोलले. विकत घेणारा खोटं बोलला तर समजू शकते, पण मग विकणाऱ्याने 'झालं' का म्हणावं? मला हे जुळत नाही.

स्नेहल

•

सटाणा,
२४ फेब्रुवारी १९९७

चि. स्नेहल,

तू फार मनाला लावून घेतेस. बाजारात असंच असतं, कुणी कबूल करतं, कुणी करत नाही. दलाल गेला, मंडळ स्वच्छ झालं, तुझं काम झालं. तपासणी समितीही तुझ्यावर खूश होईल.

केंद्र सटाण्याला आलं तर वाईट काय? आपल्या बागलाणातल्या पोरांनी शिकू नये का? तुझीही बदली इकडे होईल. त्या खोलीत आशाबरोबर कच्च्या पोळ्या खाण्यापेक्षा घरी राहशील. मामीने तुझी खोली झाडून ठेवली आहे. जागेचं म्हणशील तर सरकारी काम आहे, ज्याची सोयीची असेल त्याची घेतील.

भिमाजी

•

पेठ,
२० मार्च १९९७

मामा,

हे पत्र पेठच्या बसस्टँडवर बसून लिहिते आहे. बस यायला वेळ आहे आणि घरी जाईपर्यंत मला धीर निघणार नाही.

सोमाबाबांची माफी मागायची की त्यांच्याकडून खरं काढून घ्यायचं, ते ठरवून आले नव्हते. घर गावाबाहेर, चढावर. अंगणात पोरंपोरी. एका मुलीच्या पुढ्यात शिवणयंत्र पालथं पडलेलं, तिचे हात तेलाने काळे. मोटार उघडून बसलेले दोघे. हे आमच्याच केंद्राचे विद्यार्थी, मामा. हंगाम अजून चालू आहे, द्राक्षं तोडायची आहेत, यांचे आईबाप बागांवर. आणि ही पोरं इथे.

सोमाबाबा घरी नव्हते. त्यांची बायको तानुबाई चुलीपाशी नागलीच्या भाकरी थापत होती. एवढ्या भाकरी मी फक्त लग्नघरात पाहिल्यात. मी विचारलं, ही सगळी इथेच राहतात का? ती म्हणाली, "ऱ्हातील नायतं जातील कुठं? म्हातारा नाशकाहून त्या शालीच्या सभेतून आला आन् म्हनला, पोरं गोळा करायची, हंगाम सरंपर्यंत हितंच ठेवायची, शाळा ऱ्हायली पायजे. मंग बागंबागंनं हिंडला. आईबापांच्या हातापाया पडून येकेक पोर आनलं. त्या गोरक्षनानाच्या बागंतूनबी आनलं." राजीनाम्यानंतर परत का पाठवली नाहीत, असं मी विचारलं. तिने मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "हात दिला ना त्यानं. नाना फिरला म्हनून ह्यानं फिरायचं?"

तेव्हा मला कळलं शालीखाली काय चाललं होतं. नाना पोरांचा आकडा मागत होते, एवढी पोरं टिकवाल तर केंद्र ठेवतो. सोमाबाबा आकडा खाली आणत होते. सौदा केंद्र विकण्याचा नव्हता, वाचवण्याचा होता.

मी म्हटलं, पण बोटं तर नानांनी धरली होती, आणि धरणारा तो घेणारा. तानुबाई हसायला लागली. हात पुसले, माझा हात ओढून आपल्या पदराखाली घेतला आणि माझी तीन बोटं धरली. "ही मी बोलली. आता तू बोल. धर माझी." मी धरली. तिने मान हलवली आणि पुन्हा माझी धरली. "आदी येकानं धरायचं, मंग दुसऱ्यानं. घेनाराबी धरतो, इकनाराबी धरतो. धरल्याबिगर बोलायचं कसं गं? बाजारातलं शेंबडं पोरबी सांगंल."

मामा, बाजारातलं शेंबडं पोर सांगेल. तुमचा तर जन्म बाजारात गेला. मी लहान असताना तुम्ही नामपूरच्या बाजारातून खिल्लारी जोडी आणली होती, तेव्हा दोन दिवस त्या सौद्याचीच गोष्ट सांगत होतात. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं असं मी कसं मानू? तुम्ही मला अर्धंच सांगितलंत, आणि नेमकं ते अर्धं, ज्याने सोमाबाबा चोर ठरतील. मी जगावर संशय घेत बसले. तुमच्यावर घ्यायचं मात्र मला सुचलंच नाही.

मला एवढंच सांगा. फरशी घातलेली ती शेड कशासाठी आहे? कांद्याला खाली हवा लागते, फरशी लागत नाही.

स्नेहल

•

सटाणा,
३० मार्च १९९७

स्नेहल,

शेड केंद्रासाठीच आहे. आता ऐकलंस? सुभेदारांशी माझं दिवाळीच्या आधीच बोलणं झालं होतं. जागा माझी, भाडं मंडळाचं, आणि रुद्रला तिथे मास्तर म्हणून लावून घ्यायचं. शिकलेला पोरगा घरात बसून आहे, त्याच्या आईचं तोंड मला रोज बघावं लागतं. तुला दिसत नाही ते.

मी तुझं वाईट केलं नाही. तुलाही घरी आणायचं होतं. तुझा बाप गेला त्या दिवसापासून रुद्रच्या आणि तुझ्या ताटात मी कधी फरक केला नाही. तू कॉलेजात जाणार म्हटल्यावर भावकीने नाकं मुरडली, मी ऐकलं का त्यांचं? आज तू मला बाजारातलं शेंबडं पोर दाखवतेस. पेठची माणसं तुझी कोण लागतात?

घरातली गोष्ट घरात ठेव. दहा तारखेला ठराव होऊन जाईल, मग सगळे विसरतील. आणि उगाच खरं बोलण्याचा झटका आलाच, तर एक ध्यानात ठेव. त्या कागदाखाली सही तुझी आहे, माझी नाही.

भिमाजी

•

नाशिक,
१२ एप्रिल १९९७

मामा,

तुमचं खरं आहे. सही माझीच होती, म्हणून मलाच उठून उभं राहावं लागलं.

मुंबईची समिती येऊन गेली, त्यांनी पुस्तिका चाळली आणि शेवया खाल्ल्या. खरी परीक्षा परवाच्या बैठकीत होती. सुभेदारांनी ठराव वाचायला घेतला तेव्हा मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, तो कागद मी लिहिला, जे पाहिलं ते खरं, पण त्याचा जो अर्थ लावला तो खोटा. तो अर्थ माझ्या मामांनी मला सांगितला. त्यांचं नाव भिमाजी, ते सटाण्याचे कांदा व्यापारी, आणि केंद्रासाठी जी जागा तुम्ही बघितली आहे ती त्यांचीच. मामा, तुमचं नाव घेणं सोपं नव्हतं. पण मी घेतलं. सुभेदार खिडकीबाहेर बघायला लागले.

मग पेठला काय पाहिलं ते सांगितलं. सावित्रीबाई म्हणाल्या, पण नाना तर म्हणतात असं काही झालंच नाही. मी नानांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "नाना, भाव सांगू नका. काय बोललात तेही सांगू नका. एवढंच सांगा, तुम्ही सोमाबाबांना हात दिला होता का?"

नानांनी टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "माझे वडील बैलांचा व्यापार करायचे. मीही केला. कधी दिलेला हात मागे घेतला नाही." मग हळूच, "दिला होता." सावित्रीबाईंनी लगेच विचारलं, मग त्या दिवशी नाही का म्हणालात? नाना म्हणाले, "लाज वाटली." हाताचं काम शिकवणारं मंडळ आणि त्यात प्रत्येकाला आपल्या हाताच्या कामाची लाज, हा प्रकार मला त्या क्षणी नीट दिसला. मीही त्यातलीच. दलाल हा शब्द ऐकूनच मी सोमाबाबांना अर्धं दोषी धरलं होतं.

ठराव बारगळला. पेठचं केंद्र पेठलाच राहील. नाना स्वतः पेठला जाऊन आले. पण सोमाबाबा मंडळावर यायला तयार नाहीत. म्हणाले, "येकदा चोर म्हनल्यावं त्या खुर्चीवर बसवत नाय. पोरं सांभाळतो, तेवढं पुरं." ते काही मला परत जुळवता येणार नाही.

मला नोकरीवरून कमी केलं. बैठकीतलं बाहेर लिहिलं म्हणून. नियमच तो आहे, माझी तक्रार नाही. आशाच्या ओळखीने एका छापखान्यात काम मिळेल असं दिसतं.

मामा, तुमच्या ताटातलं मी विसरले नाही. विसरले असते तर हे सगळं इतकं जड गेलं नसतं. तुम्ही लिहा. शिव्या घाला, पण लिहा.

तुमची,
स्नेहल

•

सटाणा,
१ मे १९९७

स्नेहल बाळा,

मामी तुला आशीर्वाद देते. मी कधी पत्र लिहीत नाही, चुका झाल्या तर हसू नको. चौथीपर्यंतचं एवढंच येतं.

तू वाट बघत असशील म्हणून लिहिते. मामा लिहिणार नाहीत. तुझं पत्र आलं ते त्यांनी वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं आणि मार्केटला गेले. तेव्हापासून घरात तुझं नाव काढायचं नाही. काल रुद्र चुकून म्हणाला की स्नेहलताईला विचारू, तर ताटावरून उठले. मार्केटात लोक तोंडावर बोलतात की भाचीने मामाला उघडं पाडलं. त्यांना फार लागलं आहे. रात्री झोपत नाहीत. मी तुला दोष देत नाही आणि त्यांनाही देत नाही. दोघंही माझीच, मी कुणाकडून बोलू?

रुद्र मालेगावला एका दुकानात लागला. पगार थोडा, पण रोज जातो, हसतो. शकुबाई मला म्हणाली, आपल्या हातची भाकर खाऊन पोरगी उलटली गं. मी म्हटलं, माझ्या हातची भाकर खाऊन ती खोटं बोलली असती तर मला जास्त लाज वाटली असती. तेव्हापासून तीही कमी येते.

आखाजीचा सण जवळ आला. गल्लीतल्या सगळ्या लेकी येतील. लिंबाला झोके बांधलेत, गाणी सुरू झालीत. तुझ्याशिवाय माझी एकही आखाजी गेलेली नाही. यंदा तू आखाजीला येऊ नको. त्या दिवशी मार्केट बंद असतं, ते दिवसभर घरी असतात. समोर आलीस आणि ते उठून गेले तर ते तुलाही सोसणार नाही आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी ये. सकाळची बस धर. दुपारी ते लिलावाला जातात, दिवेलागणीशिवाय परत येत नाहीत. मी पुरण राखून ठेवते. तुझी खोली तशीच आहे. जेव, झोक्यावर बस, माझ्यापाशी जरा पड, आणि ते यायच्या आत पाचची बस धरून परत जा. एवढंच मला करता येतं बाळा.

आपल्या अहिराणीतच सांगते, दुपारपुरतं का व्हईना, पन आठे तुनं माहेर शे.

तुझी मामी,
लंकाबाई